सहभागींच्या गोष्टी रंगमंचावर आणताना: नव्या नाट्यकर्मींसाठी मार्गदर्शक

शिबिरात किंवा कार्यशाळेत आलेल्या माणसांच्या आयुष्यातून नाटक उभे करण्याची पद्धत आता जगभर रुळलेली आहे. नाट्यकर्मी तुरुंगात, निवारागृहात, शाळेत, वृद्धाश्रमात, विस्थापितांच्या छावणीत जातात, खेळ घेतात, गप्पा रंगतात आणि कुणीतरी आपली गोष्ट सांगू लागते. ती ऐकता ऐकता दिग्दर्शकाच्या मनात प्रवेश दिसायला लागतो, प्रकाश कुठून यावा तेही सुचते. नवख्या माणसाने थांबायला हवे ते इथेच. सांगणाऱ्याने गोष्ट सांगितली म्हणजे ती आपल्याला देऊन टाकली असे होत नाही. ती कुठवर न्यायची, कोणापुढे मांडायची आणि कधी थांबवायची हे ठरवण्याचा हक्क शिबिरात, तालमीत, प्रयोगात आणि प्रयोग संपल्यावरही सांगणाऱ्याकडेच राहतो. पुढे जे टप्पे दिले आहेत त्यांचा उद्देश एकच आहे: सांगणाऱ्याला कोणत्याही टप्प्यावर ‘नको’ म्हणता यावे आणि तसे म्हटल्याबद्दल त्याला काहीही गमवावे लागू नये.

शिबिराआधी

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा. या नाटकाला खऱ्या माणसाची खरी गोष्ट लागते का? पुष्कळदा लागत नाही. कर्जबाजारीपणावर किंवा घरातल्या हिंसेवर नाटक करायचे असेल, तर एक काल्पनिक घर गटाने मिळून रचता येते आणि प्रत्येकाला आपला अनुभव त्यात न सांगता मिसळता येतो. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी रूढ केलेल्या प्रतिमा-नाट्याच्या खेळांत सहभागी स्वतःच्या व इतरांच्या शरीरांतून एक स्तब्ध चित्र उभे करतात. त्यामागे कोणाचा कोणता प्रसंग आहे हे न उलगडताही त्या चित्रावर काम करता येते. नवीन माणसाने आपली पहिली दोन-तीन शिबिरे अशाच खेळांवर घ्यावीत असे मला मनापासून वाटते, कारण गट सांभाळायचा सराव नसताना कोणाचे दुःख सांभाळायला घेणे धोक्याचे असते.

दुसरा प्रश्न आपल्याला बोलावणाऱ्या संस्थेबद्दलचा आहे. निवारागृहात राहणारी स्त्री, तुरुंगातला कैदी, शाळेतला विद्यार्थी किंवा मदतीवर अवलंबून असलेले कुटुंब यांना संस्थेने ‘नाटकवाले आले आहेत, या’ असे सांगितले, तर ते निमंत्रण आहे की आदेश हे त्यांना कळणे कठीण असते. गोष्ट सांगितली नाही तर खोली जाईल, सुटकेच्या अर्जावर वाईट शेरा पडेल, गुण कमी होतील, अशी भीती कोणी बोलून दाखवत नाही, पण ती असते. म्हणून शिबिर ठरवतानाच संस्थेशी लेखी बोलून घ्यावे की कोण आले, कोण आले नाही, कोणी काय सांगितले याची नोंद संस्थेकडे जाणार नाही आणि संस्थेचा कर्मचारी शिबिराच्या खोलीत बसणार असेल तर तो का आणि कोणत्या भूमिकेत बसेल हे सहभागींना आधी सांगितले जाईल. संस्था याला तयार नसेल, तर शिबिर घ्यावे, पण वैयक्तिक गोष्टींवर आधारलेले नाटक करू नये.

तिसरी तयारी म्हणजे आधाराची. शिबिराच्या काळात बोलावता येईल असा एखादा समुपदेशक आधीच ठरवून ठेवावा आणि त्याची गटाशी ओळख करून द्यावी. नाट्यकर्मीने स्वतः उपचारकाची भूमिका घेऊ नये, मग त्याचा स्वभाव कितीही मायाळू असो.

पहिला दिवस

पहिल्याच दिवशी, कोणीही काही सांगण्याच्या आधी, नाटक कशासाठी आहे, कोण बघणार आहे, चित्रीकरण होणार आहे का आणि पैसे कोणाचे आहेत हे साध्या भाषेत सांगावे. त्यानंतर गटाने मिळून नियम ठरवावेत. खोलीत ऐकलेले खोलीबाहेर बोलायचे नाही, फोन पिशवीत राहतील, कोणालाही कोणताही खेळ किंवा प्रश्न कारण न देता टाळता येईल, हे नियम बहुतेक सगळीकडे लागतात. टाळण्याचा हक्क नुसता सांगून भागत नाही. शिबिर घेणाऱ्याने पहिल्याच खेळात स्वतः एकदा ‘मी या फेरीत नाही’ असे म्हणून बाजूला बसावे, म्हणजे बाजूला बसणे ही साधी गोष्ट आहे हे सगळ्यांना दिसते.

गुप्ततेची मर्यादाही याच वेळी सांगावी लागते. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर अनेक देशांत ते कळवणे कायद्याने बंधनकारक असते, आणि कायदा नसला तरी गप्प बसता येत नाही. ‘इथे सांगितलेले सगळे इथेच राहील’ असे वचन देऊन नंतर ते मोडण्यापेक्षा ‘एवढ्या बाबी सोडून बाकी सगळे इथे राहील’ असे सुरुवातीलाच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे, कारण मग कोणापुढे काय सांगायचे हे माणूस समजून-उमजून ठरवू शकतो.

ऐकताना

प्रश्न कसा विचारतो यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस सांगा’ असा प्रश्न ज्या शिबिरात विचारला जातो, तिथे प्रत्येक जण आपले दुःख शेजारच्याच्या दुःखापेक्षा मोठे करून दाखवण्याच्या दडपणाखाली येतो आणि ज्याच्याकडे सांगण्याजोगे दुःख नाही त्याला आपण कमी पडलो असे वाटते. त्याऐवजी ‘घरातल्या एखाद्या वस्तूबद्दल सांगा’, ‘तुम्ही कोणालातरी पहिल्यांदा ठाम उत्तर दिले तो प्रसंग सांगा’, असे विचारावे. वस्तूपासून सुरुवात केली की माणूस स्वतःच्या गतीने, स्वतःला हवे तितकेच आत जातो. सायकलीच्या घंटीबद्दल बोलणारा माणूस बापाच्या मृत्यूपर्यंत पोहोचेल किंवा घंटीवरच थांबेल. दोन्ही ठीक आहे.

गोष्ट चालू असताना खोदकाम करू नये. ‘मग तुम्हाला त्या वेळी काय वाटले?’ हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण ओल्या जखमेवरची खपली काढायला तो पुरेसा असतो. सांगणाऱ्याचा श्वास भरभर होऊ लागला, नजर एका जागी खिळली, आवाज सपाट झाला किंवा तो तोच तपशील पुन्हा पुन्हा सांगू लागला, तर तिथेच थांबावे, पाणी द्यावे, खिडकी उघडावी, खोलीतल्या रंगांबद्दल किंवा आवाजांबद्दल काही विचारावे आणि गोष्ट पुरी करण्याचा आग्रह धरू नये. शिबिरात कोणी रडले म्हणजे शिबिर यशस्वी झाले अशी समजूत आपल्या क्षेत्रात फार खोल रुजलेली आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यापायी माणसे दुखावली जातात. अजून घडत असलेली गोष्ट, म्हणजे ज्यातून माणूस अद्याप बाहेरच आलेला नाही अशी, नाटकासाठी घेऊच नये.

प्रत्येक सत्राच्या शेवटी अर्धा तास राखून ठेवावा. त्या वेळात हलके खेळ, चालणे, एखादे समूहगीत असावे, म्हणजे गोष्ट सांगून रिकामा झालेला माणूस तसाच दाराबाहेर पडत नाही.

संमती घेताना

नवख्या गटांची सर्वांत मोठी चूक इथे होते. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून एक कागद भरून घेतला जातो, त्यावर ‘माझ्या अनुभवांचा वापर करण्यास माझी हरकत नाही’ असे एक वाक्य असते आणि पुढची दोन वर्षे त्या वाक्याच्या आधारावर काढली जातात. ज्याने अजून काही सांगितलेलेच नाही त्याने कशाला संमती दिली? वैद्यकीय संशोधनात हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला गेला. १९४७ सालच्या न्यूरेम्बर्ग संहितेत, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय प्रयोगांसाठीच्या नियमावलीत, स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य मानली गेली आणि प्रयोगातून मध्येच बाहेर पडण्याचे स्वातंत्र्यही माणसाला दिले गेले. नाटक त्या संहितेने बांधलेले नाही, तरी त्यातली ही दोन तत्त्वे जशीच्या तशी घ्यावीत.

संमती टप्प्याटप्प्याने मागावी. गटात सांगणे ही एक परवानगी, तालमीत त्यावर काम करणे ही दुसरी, लोकांसमोर प्रयोग करणे ही तिसरी, चित्रीकरण करून दाखवणे ही चौथी आणि संहिता छापणे किंवा दुसऱ्या संस्थेला देणे ही पाचवी. पहिली दिली म्हणून पुढची गृहीत धरता येत नाही. शिबिर घेणारा स्वतः विद्यार्थी किंवा संशोधक असेल आणि प्रबंध लिहिणार असेल, किंवा देणगीदाराला अहवाल व छायाचित्रे पाठवायची असतील, तर त्यासाठीही वेगळे विचारावे लागते. संमतिपत्रातली भाषा त्या माणसाच्या गोष्टीबद्दल बोलणारी असावी. उदाहरणार्थ: ‘मला कारखान्यातून काढले त्या दिवसाचा जो प्रसंग मी सांगितला, तो तालमीत वापरायला माझी हरकत नाही. तो लोकांसमोर करायचा की नाही, हे मी संहिता ऐकून झाल्यावर सांगेन. माझ्या मुलाचा उल्लेख येता कामा नये.’ असा कागद वकिली वाटत नाही आणि तो सही करणाऱ्याला कळतो. वाचता न येणाऱ्याला तो त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि त्याचा होकार त्याच्याच आवाजात नोंदवून घ्यावा.

होकार ऐकायलाही शिकावे लागते. ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं करा’ ही संमती नसते, आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळा गट आशेने बघत असताना म्हटलेले ‘चालेल की’ हीसुद्धा बहुतेक वेळा भिडेखातर दिलेली असते. ज्या दिग्दर्शकाने महिनाभर आपुलकीने वागवले त्याला तोंडावर नाही म्हणणे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून विचारण्याचे काम दिग्दर्शकाने करू नये; गटातल्या दुसऱ्या कोणी, एकांतात, आणि गोष्ट सांगितल्यानंतर काही दिवस जाऊ देऊन विचारावे. विचारताना पर्यायही सोबत ठेवावेत: प्रसंग तसाच ठेवणे, ओळख बदलून ठेवणे, फक्त त्यातला एखादा क्षण ठेवणे, काहीच न ठेवणे. चार पर्याय समोर असले की नकार एकटा आणि अवघडलेला राहत नाही.

माघार घेण्याची मुदतही खरी सांगावी. प्रयोग जिवंत आहे तोवर प्रसंग काढून टाकता येतो, पण छापून वाटलेली संहिता किंवा लोकांच्या फोनवर पोहोचलेली चित्रफीत परत आणता येत नाही. हे सही घेण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी ही दोन्ही लागतात. पालक हो म्हणाले आणि मूल गप्प राहिले तर तो नकार समजावा. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांची ओळख उघड करणे कित्येक देशांत गुन्हा आहे, आणि पालकांच्या सहीने तो गुन्हा पुसला जात नाही.

गोष्टीतली बाकीची माणसे

सांगणाऱ्याने संमती दिली, पण त्याच्या गोष्टीत आई आहे, सोडून गेलेला नवरा आहे, दारू पिणारा भाऊ आहे, शेजारी आहेत. यांच्यापैकी कोणालाही कोणी विचारलेले नाही. माझ्या मते आत्मकथनपर नाटकातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे आणि त्याला एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. ज्याने अन्याय केला त्याची परवानगी मागायला सांगणे म्हणजे अन्याय सोसणाऱ्याचे तोंड पुन्हा बंद करणे होईल. उलट, म्हाताऱ्या आईचे वेडाचे झटके तिच्या गावातल्या लोकांपुढे दाखवणे म्हणजे जिला उत्तर देता येत नाही तिला उघडे पाडणे होईल. प्रत्येक पात्रापाशी थांबून विचारावे: हा माणूस प्रेक्षकांत बसला तर स्वतःला ओळखेल का, इतर कोणी त्याला ओळखतील का, आणि ओळखले तर त्याचे किंवा सांगणाऱ्याचे काय होईल? सांगणारी बाई प्रयोगानंतर त्याच घरी परतणार आहे, हे रंगमंचाच्या झगमगाटात विसरायला होते. गोष्टीत कोणावर गुन्ह्याचा आरोप असेल किंवा खटला चालू असेल, तर रंगमंचावरचे एखादे वाक्य न्यायालयात तिच्याच विरुद्ध वापरले जाऊ शकते. अशा वेळी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. विस्थापितांच्या बाबतीत मागे देशात राहिलेल्या नातेवाइकांचाही विचार करावा लागतो.

ओळख लपवणे म्हणजे नाव बदलणे, असा एक सोयीस्कर गैरसमज आहे. समजा, कोणी अशी गोष्ट सांगितली: ती तीन बहिणींतली मधली, वडील रेल्वेत सिग्नल देणारे, लहानपणी उजवा हात भाजलेला, लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परतली आणि त्यानंतर बराच काळ तिची आई रोज रात्री जावयाचेही ताट वाढून ठेवत असे. यात नुसते नाव बदलले तर तिच्या ओळखीतला कोणीही पहिल्या पाच मिनिटांत तिला ओळखेल, कारण एकेक तपशील सुटा असताना निरुपद्रवी असतो आणि एकत्र आले की पत्ता होतो. इथे सांगणारीला दोन प्रश्न विचारावेत. यातले काय बदलले तर ही तुमची गोष्ट राहणार नाही? आणि यातले काय राहिले तर लोक तुम्हाला ओळखतील? बहुधा असे निघते की वाढून ठेवलेले ताट हे गोष्टीचे मर्म आहे, आणि बहिणी, रेल्वे, भाजलेला हात यांवाचून काहीच अडत नाही. मग वडील टपालखात्यात जातात, बहिणींच्या जागी एक भाऊ येतो, आणि ताट तसेच राहते. ताटामुळेच ओळख पटत असेल तर मात्र निर्णय तिचा, कारण मर्म काढून गोष्ट ठेवण्यात काही अर्थ नाही.

संहिता लिहिताना

काही जण सहभागींचे बोलणे शब्दशः घेतात. अ‍ॅना डेव्हियर स्मिथ या अमेरिकी नाटककार-अभिनेत्रीने १९९१ साली न्यूयॉर्कच्या क्राउन हाइट्स भागात झालेल्या दंगलीनंतर कृष्णवर्णीय आणि ज्यू अशा दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि ती सगळी माणसे एकटीने, त्यांच्या अडखळण्यासकट रंगमंचावर उभी केली. हे काम अत्यंत कसबाचे आहे. तेवढे कसब नसताना एखाद्याचे अडखळणे, बोलीतला हेल किंवा चुकलेला शब्द जसाच्या तसा उचलला की प्रेक्षक हसतात, आणि ज्याचे ते बोलणे आहे तो तिथे बसून ते हसू ऐकतो. शब्दशः पद्धतीत काम करायचे असेल तर आधी तीच वाक्ये अभिनय न करता, साध्या आवाजात गटापुढे वाचावीत. हसू वाक्याला येते आहे की उच्चाराला, हे लगेच समजते.

आणि शब्दशः घेतले म्हणजे प्रामाणिक झाले असेही नाही, कारण कात्री आपल्याच हातात असते. एक वाक्य पाहा: ‘मी त्याला माफ केलं. म्हणजे, करावं लागलं.’ लांबी कमी करण्यासाठी दुसरे वाक्य गाळले, तर एकही शब्द न बदलता बाई उदार होते आणि तिच्यावरची सक्ती नाहीशी होते. पहिले गाळले तर ती फक्त बिचारी उरते. संपादन करताना प्रत्येक काटछाटीपाशी मूळ नोंद बाजूला ठेवून दोन्ही वाचावीत आणि अर्थ सरकला असेल तर लांबी सहन करावी.

अनेकांच्या गोष्टी मिळून एक पात्र करणे हा सुरक्षित मार्ग आहे, विशेषतः ओळख लपवायची असेल तर. पण तसे केले असल्याचे प्रेक्षकांना आणि सहभागींनाही सांगावे. नाहीतर प्रत्येक सहभागी आपली गोष्ट विद्रूप झाली असे समजतो. संगीताबद्दलही सावध राहावे. जिथे सांगणारा कोरड्या आवाजात बोलला होता तिथे खाली व्हायोलिन सोडले, की त्याच्या संयमावर आपण आपले रडणे लादतो.

रंगमंचावर कोण उभे राहणार

सांगणाऱ्याने स्वतः करावे की नटाने? स्वतः केले तर ताकद मोठी येते आणि ओझेही. एकदा सांगणे वेगळे आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रकाशात, वीस प्रयोगांत तेच पुन्हा जगणे वेगळे. म्हणून सांगणारा स्वतः काम करत असेल तिथे त्याचा प्रसंग वगळूनही नाटक चालेल अशी दुसरी बांधणी तालमीत बसवून ठेवावी, आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी त्याला ‘आज करायचं का?’ असे विचारावे. दुसरी बांधणी तयार नसेल तर हा प्रश्न नुसता उपचार होतो, कारण नाही म्हटले तर सगळा गट अडचणीत येईल हे त्याला माहीत असते.

नटाने करायचे असेल तर नटाला आपली समजूत तपासून घ्यावी लागते. बोआल १९७३ साली पेरू देशात साक्षरता मोहिमेत काम करत होते. तिथे एका निरक्षर स्त्रीने आपली गोष्ट सांगितली: नवरा घर बांधण्यासाठी तिच्याकडून पैसे नेत असे आणि अधूनमधून पावत्या म्हणून कागद देत असे, ते कागद प्रत्यक्षात त्याला दुसऱ्या बाईने लिहिलेली प्रेमपत्रे निघाली. त्यावरचा प्रवेश चालू असताना आता पुढे काय करावे हे प्रेक्षकांना विचारले गेले. एका प्रेक्षक स्त्रीने सुचवले की बाईने नवऱ्याशी अगदी स्पष्ट बोलावे. नटीने ते करून दाखवले, पुन्हा वेगळ्या तऱ्हेने करून दाखवले, तरी त्या स्त्रीचे समाधान होईना. शेवटी बोआल यांनी तिलाच मंचावर बोलावले, तेव्हा तिने झाडू घेऊन नवऱ्याचे काम करणाऱ्या नटाला झोडपले, आणि ‘स्पष्ट बोलणे’ म्हणजे तिच्या मनात काय होते ते सगळ्यांना कळले. प्रेक्षकाने स्वतः मंचावर येऊन प्रवेशाला वेगळे वळण द्यायचे, या फोरम थिएटर नावाच्या पद्धतीचा उगम बोआल याच प्रसंगात सांगत. शब्द तेच असूनही नटीने आणि त्या स्त्रीने त्यांचे दोन निराळे अर्थ लावले होते, आणि नटी कितीही प्रामाणिक असली तरी मूळ माणसाला विचारल्याशिवाय तिला ते समजणार नव्हते.

जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी १९७५ साली सुरू केलेल्या प्लेबॅक थिएटरमध्ये याची सोय रचनेतच आहे. प्रेक्षकांतला एक जण मंचाच्या कडेला खुर्चीवर बसून आपला प्रसंग सांगतो, नट तो तिथल्या तिथे करून दाखवतात आणि शेवटी सूत्र सांभाळणारा पुन्हा सांगणाऱ्याकडे वळून त्याला शेवटचे बोलण्याची संधी देतो. बांधीव नाटकातही हे वळणे तालमीत आणता येते.

आधी त्याला दाखवावे

प्रसंग बसला की ज्याचा तो आहे त्याला पहिल्यांदा दाखवावा, आणि तेही एकट्याला किंवा त्याने निवडलेल्या माणसासोबत. वेळ महत्त्वाची आहे. रंगीत तालमीला बोलावले तर नेपथ्य उभे असते, तिकिटे गेलेली असतात, आणि सांगणारा सगळ्यांची मेहनत बघून गप्प बसतो. बदल अजून स्वस्तात होऊ शकतात तेव्हाच दाखवावे. बघून झाल्यावर लगेच उत्तर मागू नये. दोन दिवसांनी दुसऱ्याने विचारावे.

प्रयोगाच्या दिवशी आणि जाहिरातीत

जाहिरातीत ‘सत्यकथा’, ‘अंगावर काटा आणणारे खरे अनुभव’ असे लिहिण्याचा मोह आवरावा. त्या शब्दांनी प्रेक्षक खरे माणूस शोधायला येतो, आणि प्रयोगानंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न हाच येतो: ‘ही गोष्ट कोणाची? ते इथे आहेत का?’ उत्तर आधीच ठरवून सगळ्या नटांकडून म्हणून घ्यावे: ‘या गोष्टी आम्हाला ज्यांनी दिल्या त्यांची ओळख आम्ही सांगत नाही. प्रसंगाबद्दल काही विचारायचे असेल तर जरूर विचारा.’ बोलता बोलता नजर त्या व्यक्तीकडे जाऊ नये, याचीसुद्धा आठवण द्यावी लागते. पत्रकारांना सहभागींचे क्रमांक परस्पर देऊ नयेत. नाटकात हिंसा किंवा आत्महत्येचा प्रसंग असल्यास प्रेक्षकांना दारातच कळवावे आणि बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी.

सांगणारा प्रयोगाला येणार असेल तर त्याची जागा कडेला, दाराजवळ असावी, सोबत त्याच्या विश्वासाचे माणूस असावे, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्याशी बोलावे. टाळ्यांच्या रात्रीनंतरची सकाळ बऱ्याच जणांना जड जाते.

पैसा आणि श्रेय

शिबिरासाठी, तालमीसाठी दिलेल्या वेळेचे मानधन सगळ्या सहभागींना सारखे द्यावे, गोष्ट सांगितली असो वा नसो. गोष्टीचा दर ठरवला की जास्त दुःखाला जास्त पैसे अशी स्पर्धा सुरू होते. मात्र नाटक चालले, दौरे झाले, बक्षिसे मिळाली, तर त्या उत्पन्नात ज्यांच्या गोष्टी आहेत त्यांचा वाटा किती, हे पहिल्या प्रयोगाआधी लिहून ठेवणे न्यायाचे आहे. श्रेयनामावलीत स्वतःचे नाव हवे, टोपणनाव हवे की काहीच नको, हे प्रत्येकाला विचारावे. सगळ्यांची नावे सरसकट लपवणेही चुकीचे आहे. आयुष्यभर कोणी दखल न घेतलेल्या माणसाला आपले नाव मोठ्या अक्षरांत छापून यावे असे वाटू शकते, आणि ते नाकारणारे आपण कोण?

प्रयोग थांबल्यानंतर

ध्वनिमुद्रणे, टिपणे, पहिले खर्डे हे सगळे कुठे आहे, कोणाच्या फोनमध्ये आहे याची यादी करावी. जे ठेवायचे ते कुलपात किंवा सांकेतिक शब्दाखाली ठेवावे, बाकीचे ठरलेल्या तारखेला नष्ट करावे आणि तसे केल्याचे सहभागींना कळवावे. टिपणांत खरी नावे लिहूच नयेत. नावांचा तक्ता वेगळ्या जागी ठेवावा.

माणसे बदलतात आणि त्यांच्या गोष्टीही. १९९८ साली अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या लॅरमी गावात मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याचा खून झाल्यावर टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट या नाट्यसंस्थेने गावकऱ्यांच्या २०० हून अधिक मुलाखती घेऊन नाटक केले. त्याचा पहिला प्रयोग २००० साली झाला. दहा वर्षांनी ती मंडळी पुन्हा गावात गेली, पुन्हा बोलली आणि २००९ साली त्याचा उत्तरभाग आला. प्रत्येक गटाला नवे नाटक करणे शक्य नाही, पण जुने नाटक काही वर्षांनी पुन्हा उभे करताना मूळ माणसांकडे जाऊन नव्याने विचारणे प्रत्येकाला शक्य आहे. ज्या बाईने एकटी असताना हो म्हटले होते, तिला आता शाळेत जाणारी मुलगी असेल.

दुसऱ्या एखाद्या गटाने किंवा स्पर्धेसाठी एखाद्या महाविद्यालयाने संहिता मागितली, तर कोणते प्रसंग कल्पित आहेत आणि कोणते कोणाच्या संमतीवर उभे आहेत याची नोंद संहितेसोबत असावी. कल्पित प्रसंग द्यावेत. बाकीच्यांसाठी मूळ माणसाला विचारावे, आणि तो सापडत नसेल तर तेवढी पाने काढून उरलेली संहिता द्यावी.